इपॉक्सीवर रंग: छोट्या होड्यांच्या रंगकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्लायवूड-इपॉक्सीच्या छोट्या होड्या, वल्ह्याच्या नावा, शिडाच्या डिंग्या आणि इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या रेझिनने) काचेचं कापड चढवलेल्या लाकडी होड्या यांच्याबद्दलचे आहेत. ते मे महिन्यात येतात, आणि मग नारळी पौर्णिमेच्या तोंडावर एकदम गर्दीने येतात. बहुतेकांचं मूळ एकाच तक्रारीत असतं: महागातला रंग आणला, तरी वर्षाच्या आत पापुद्रे सुटले. रंगाच्या डब्याला बोल लावण्याआधी त्याच्या खाली काय होतं ते बघा, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच इथे कंपन्यांच्या नावांपेक्षा धुणं, घासणं आणि वाट पाहणं यांवर जास्त लिहिलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. इपॉक्सी मारल्यावर होडी काचेसारखी चमकते. मग वरून रंग मारायचाच कशाला?

कारण इपॉक्सी पाणी अडवतं, ऊन अडवत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते आधी पिवळट पडतं, मग त्याची चकाकी जाते, मग हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. शेवटी बारीक तडे जातात आणि खालचं कापड उघडं पडतं. तिथून पाणी लाकडात शिरलं की दुरुस्तीचा खर्च रंगाच्या कितीतरी पट होतो.

पाणी अडवण्याचं काम इपॉक्सीचं आणि ऊन अडवण्याचं काम रंगाचं, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे रंगाचे चार हात जास्त मारून इपॉक्सीची कसर भरून निघत नाही. कापडाची वीण हाताला जाणवत असेल तर आधी इपॉक्सीचे हात पुरे करा. लाकडावर किमान दोन, आणि पुढे घासायचं असेल तर तीन हात हवेत. काही रेझिनच्या डब्यांवर ‘यूव्ही-रोधक’ लिहिलेलं असतं. त्याने पिवळेपणा उशिरा येतो, टळत नाही.

2. माझी होडी जुनी घेतलेली आहे. तिच्यावर इपॉक्सी आहे की साधं फायबरचं रेझिन, हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे ‘फायबर मारलं’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते पॉलिएस्टर रेझिन असतं. आधी काम करणाऱ्याला विचारा: रेझिनमध्ये हार्डनर थेंबाथेंबाने, म्हणजे शेकडा एक-दोन या प्रमाणात टाकलं होतं का? तसं असेल तर ते पॉलिएस्टर. दोन डबे 1:1, 2:1 किंवा 5:1 अशा ठोक मापाने मिसळले होते का? मग इपॉक्सी.

विचारायला कोणी नसेल तर एका कोपऱ्यात जोरात घासून वास घ्या. पॉलिएस्टर घासलं की जुनं असलं तरी स्टायरीनचा तो ओळखीचा, फायबरच्या कारखान्यातला गोडसर उग्र वास येतो. इपॉक्सीला तसा वास नसतो. आत कुठे कच्ची बाजू दिसत असेल तर तिथेही बघा. तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची मॅट दिसली तर पॉलिएस्टरचीच शक्यता जास्त, कारण मॅटमधले धागे धरून ठेवणारी पूड साधारणपणे स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी बनवलेली असते. इपॉक्सीबरोबर सहसा विणलेलं कापड वापरतात. फक्त अॅसिटोन लावून ओळखता येतं असं सांगतात, त्यावर विसंबू नका. दोन्ही रेझिनं पक्की झाली की अॅसिटोनला बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

पॉलिएस्टर निघालं तरी घासणं, प्रायमर आणि रंग यांबद्दलची पुढची बरीचशी उत्तरं लागू पडतात. फक्त 4, 8 आणि 14 हे प्रश्न खास इपॉक्सीचे आहेत.

3. इपॉक्सी मारल्यावर किती दिवसांनी रंग मारायचा?

वर काय मारणार आहात त्यावर ते ठरतं.

इपॉक्सी प्रायमर मारणार असाल तर इपॉक्सी अजून ‘हिरवं’ असताना मारलेलं उत्तम. अंगठा दाबला की ठसा उमटतो, पण अंगठ्याला रेझिन लागत नाही, ही ती अवस्था. तेव्हा दोन थर रसायनानेच एकमेकांना धरतात आणि मधे घासावं लागत नाही. डब्यावर वरचा हात देण्याची मुदत लिहिलेली असते. ती काही तासांची असते, फार तर एखाद्या दिवसाची. ती टळली की धुऊन घासणं आलंच.

इतर कोणताही रंग मारणार असाल तर इपॉक्सी पूर्ण पक्कं होऊ द्या. 25 अंशांच्या आसपास साधारण सात दिवस धरा. तापमान 10 अंशांनी वाढलं की रसायनाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. म्हणजे मे महिन्यातल्या शेडमध्ये हे लवकर आटोपेल, आणि डिसेंबरात घाटावरच्या एखाद्या तलावाकाठी दोन आठवडेही लागतील. हाताला कडक लागतंय म्हणजे झालं, असं समजू नका. कडकपणा एका दिवसात येतो, आतलं रसायन आणखी कित्येक दिवस चालू असतं.

4. पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर हात फिरवला तर साबणासारखं गुळगुळीत लागतं. हे काय आहे?

यालाच अमाइन ब्लश म्हणतात. रंग सुटण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारं कारण हेच आहे. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं आणि वर मेणासारखा पातळ थर येतो. हवा दमट आणि त्यातल्या त्यात गार असली की तो जास्त येतो. कधी तो धुकट दिसतो, कधी अजिबात दिसत नाही. तळहात ओला करून फिरवून बघा. बुळबुळीत लागलं, थोडा फेस आला, तर तो आहेच.

चांगली गोष्ट अशी की हा थर पाण्यात विरघळतो. गोडं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घ्या, हातभर जागा घासा, आणि ते पाणी तिथेच वाळायच्या आत स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्याने टिपून घ्या. तिथेच वाळू दिलं तर ब्लश पुन्हा पृष्ठभागावरच बसतो. फडकं वरचेवर बदला. मग पुढची हातभर जागा. सगळी होडी एकदम ओली करून नंतर पुसायला गेलात तर निम्मा थर परत लावल्यासारखं होतं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच बोअरिंगचं पाणी मचूळ असतं. ते नको, त्यातलं मीठ मागे राहतं.

दोन चुका नेहमी होतात. थिनरने पुसायचं: थिनरमध्ये ब्लश नीट विरघळत नाही, तो इकडून तिकडे पसरतो. आणि न धुता थेट पॉलिश पेपर चालवायचा: पेपर लगेच चिकट गुठळ्यांनी भरतो आणि मेण ओरखड्यांत दाबलं जातं. आधी धुणं, मग घासणं. हा क्रम उलटा करून चालत नाही. डब्यावर ‘ब्लश येत नाही’ असं लिहिलेलं असलं तरी मी धुतो. एक बादली पाणी आणि तासाभराची मेहनत यांत बचत करण्यासारखं काही नाही.

5. घासायचं किती, आणि कोणत्या नंबरच्या पेपरने?

उंचवटे आणि ओघळ काढायला 80. प्रायमरच्या आधी सगळीकडे 120 ते 180. प्रायमरवर, रंगाच्या आधी 220. चकाकीच्या रंगाच्या दोन हातांमध्ये 320 किंवा 400 चा वॉटर पेपर, पाणी लावून.

किती घासलं म्हणजे पुरे? होडीवर तिरका बल्ब धरा. एकही चमकता ठिपका दिसता कामा नये, सगळा पृष्ठभाग दुधट निस्तेज हवा. चमकतो तो प्रत्येक ठिपका म्हणजे उद्याचा पापुद्रा. सुटलेल्या रंगाचा पापुद्रा उलटा करून बघा: त्याची मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल तर खाली घासलंच नव्हतं, हे तिथेच कळतं.

उलट, जास्त घासणंही महागात पडतं. कापडाची वीण दिसू लागली किंवा लाकूड उघडं पडलं की थांबा. तिथे पुन्हा इपॉक्सीचा हात द्या आणि प्रश्न 3 पासून पुन्हा सुरुवात करा. कडा आणि कोपरे सगळ्यात आधी उघडे पडतात, तिथे मशीन न लावता हातानेच घासा.

6. प्रायमर टाळला तर चालेल का? पैसे वाचतील.

टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डबे मिसळून मारायचा पॉलीयुरेथेन रंग मारणार असाल, इपॉक्सी नीट घासलेलं असेल आणि उत्पादकाने परवानगी दिली असेल, तर कधीकधी चालतं. ऑइल पेंट मारणार असाल तर माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. टू-पॅक इपॉक्सी प्रायमर खालच्या इपॉक्सीला धरतो, घासायला सोपा जातो आणि त्याच्या एकसारख्या रंगावर सुया-छिद्रं लगेच दिसतात. पारदर्शक इपॉक्सीवर ती छिद्रं तुम्हाला दिसत नाहीत, पाण्याला सापडतात.

लोखंडासाठीचा रेड ऑक्साइड प्रायमर इथे लावू नका. तो गंजासाठी आहे, आणि तो ऑइल पेंटच्याच जातीचा असल्याने प्रश्न 8 मधली अडचण त्यालाही येते.

7. नेमका कोणता रंग घ्यायचा? हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट चालेल का?

होडी कशी वापरता ते आधी ठरवा.

उन्हात उघडी राहणारी आणि वाळूवर ओढली जाणारी होडी असेल तर टू-पॅक पॉलीयुरेथेन. त्यातही ‘अॅलिफॅटिक’ असल्याची खात्री करा, ‘अॅरोमॅटिक’ प्रकार उन्हात पिवळा पडतो. हा रंग कडक असतो, पेट्रोल-डिझेल सांडलं तरी मऊ पडत नाही, चकाकी वर्षानुवर्षं टिकते. तोटे दोन: किंमत, आणि ओलाव्याची त्याला असलेली अॅलर्जी. त्यातलं आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि रंगात बारीक फुगे येतात. थिनर त्याचाच वापरा. स्वस्तातल्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये अल्कोहोल असू शकतं, आणि ते हार्डनर खाऊन टाकतं. मग रंग कधीच पुरा कडक होत नाही.

सिंथेटिक इनॅमल, म्हणजे आपला ऑइल पेंट, इपॉक्सी प्रायमरवर चालतो. वापर झाला की किनाऱ्यावर घेतल्या जाणाऱ्या होडीच्या वरच्या अंगाला तो दोन-तीन वर्षं साथ देतो, आणि खरवडलं गेलं तर पुढच्या हंगामात घरच्या घरी हात मारता येतो. इंजिनाच्या आसपास मात्र पेट्रोल सांडून तो मऊ होतो. कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागाला तो लावू नका, फुगतो.

घराच्या बाहेरच्या भिंतींचा अॅक्रिलिक रंग? लोक हे जरा ओशाळून विचारतात, पण ओशाळण्याचं कारण नाही. नीट घासलेल्या इपॉक्सीवर तो चांगला धरतो, त्याला अमाइनचा त्रास होत नाही आणि वास कमी असल्याने होडीच्या आत काम करायला तो बरा. चकाकी कमी आणि ओरखडे लवकर, हे मान्य असेल तर तळ्यातल्या छोट्या नावेला तो पुरेसा आहे. सतत पाण्यात उभ्या राहणाऱ्या होडीला नाही.

8. ऑइल पेंट मारून आठवडा झाला, तरी हाताला चिकटतोय. आता काय?

ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनने वाळतो, आणि ते लवकर व्हावं म्हणून त्यात धातूंचे क्षार असलेले ड्रायर घातलेले असतात. इपॉक्सीमध्ये न संपलेलं अमाइन शिल्लक असेल तर ते या ड्रायरच्या कामात अडथळा आणतं. वरून कातडी धरते, खाली रंग मऊच राहतो.

आधी आणखी आठवडाभर कोरड्या, उबदार, हवेशीर जागी वाट बघा. हात पातळ असेल आणि इपॉक्सी नुसतंच कोवळं असेल तर कधीकधी रंग सावरतो. नाही सावरला तर वर दुसरा हात मारून काही साधत नाही, चिकट थर कायमचा आत गाडला जातो. पत्रीने खरवडून काढा, थिनरच्या फडक्याने उरलंसुरलं पुसा, मग पाण्याने धुणं, घासणं, इपॉक्सी प्रायमर. इपॉक्सीचं माप चुकून हार्डनर जास्त पडलं असेल तर ते अमाइन कितीही थांबलं तरी संपत नाही. अशा वेळी मऊ इपॉक्सीही काढावं लागतं.

हे सगळं टाळायचं तर वीतभर जागेवर आधी रंग लावून दोन दिवस बघा.

9. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालायची आहे. जुलैमध्ये रंग मारला तर चालेल ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्यामागची निकड मला कळते. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची यांत्रिक मासेमारीवरची बंदी 1 जून ते 31 जुलै असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, माणसं मोकळी असतात. काम त्याच दिवसांत उरकावंसं वाटणारच. पण इपॉक्सी आणि रंग या दोघांसाठी वर्षातले सगळ्यात वाईट दिवस नेमके तेच आहेत.

रंगकामाचा सर्वमान्य नियम असा: पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या किमान 3 अंश वर हवं, आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते. आता जुलैतली किनाऱ्यावरची दुपार घ्या: हवा 28 अंश, आर्द्रता 90 टक्के. दवबिंदू येतो सुमारे 26. म्हणजे होडीचा पृष्ठभाग निदान 29 हवा, आणि हवाच 28 आहे. पाऊस थांबलेला दिसला तरी नियम बसत नाही. जानेवारीत हवा तीच 28, पण आर्द्रता 50 टक्के: दवबिंदू 17 च्या आसपास. 11 अंशांची मोकळीक मिळते. फरक इतका मोठा आहे.

म्हणून होईल तेवढं काम असं बसवा: इपॉक्सी आणि प्रायमर नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत कधीही. रंगाचे हात मेच्या पहिल्या पंधरवड्यात. मग शाकारणी. पावसाळ्यानंतर फक्त धुऊन नंबर आणि किरकोळ खरचटलेलं नीट करायचं.

जुलैत करायचंच असेल तर बंद शेड हवी. आतली हवा आणि होडी दोन्ही गरम करायला हॅलोजनचे दिवे लावा, ते होडीपासून लांब ठेवा, आणि थिनरची वाफ असताना उघडी ज्योत नको. गॅसची शेगडी पेटवून शेड गरम करणं दोन कारणांनी चुकीचं आहे: आगीचा धोका, आणि गॅस जळताना पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही बाहेर पडतात, म्हणजे ब्लशला लागतं ते सगळं तुम्हीच पुरवता. अशा हवेत पीयूपेक्षा ऑइल पेंट थोडा कमी हट्टी असतो. घाईत मारलेला महाग रंग खरवडण्यापेक्षा एक हंगाम नुसत्या प्रायमरवर साध्या रंगाचा एक हात देऊन काढलेला परवडतो.

10. मग भर उन्हात मारला तर लवकर वाळेल?

वरून वाळेल. आतला थिनर अडकून नंतर फोड येतील, ब्रशच्या रेघा तशाच राहतील. सकाळी दव पूर्ण उडाल्यावर, म्हणजे नऊ-दहाच्या पुढे, सावलीत सुरू करा आणि दुपारी तीनच्या आत आवरा. संध्याकाळचं दव पडण्याआधी रंगाने कातडी धरलेली हवी. पीयूवर ओलं असताना दव पडलं की सकाळी चकाकी गेलेली, ढगाळ होडी दिसते.

कच्च्या लाकडावर इपॉक्सीचा पहिला हात मात्र दुपार उतरताना द्या. लाकूड तापत असताना त्यातली हवा बाहेर येऊन फुगे उठतात, गार होत असताना लाकूड रेझिन आत ओढून घेतं.

11. किती रंग आणायचा?

डब्याच्या माहितीपत्रकावर घन भागाचं शेकडा प्रमाण असतं. त्याला 10 ने गुणा आणि सुक्या थराच्या मायक्रॉनने भागा. 50 टक्के घन भागाचा रंग 50 मायक्रॉन जाडीत हवा असेल तर लिटरला 10 चौरस मीटर. रोलर-ब्रशमध्ये राहणारा आणि सांडणारा धरून त्यातून पाचवा हिस्सा वजा करा. टू-पॅक असेल तर लागेल तेवढंच कालवा, उरलेलं डब्यात घट्ट होऊन फुकट जातं.

12. खड्डे भरायला गाडीवाल्यांची पुट्टी वापरली तर?

गाड्यांची पुट्टी पॉलिएस्टरची असते. ती पाणी पिते, आणि कोवळ्या इपॉक्सीवर तिचं तळचं अंग नीट पक्कं होत नाही. एनसी पुट्टी तर जाड भरली की तडकतेच. इपॉक्सीमध्ये फिलर पावडर घालून घट्ट लोण्याइतपत कालवा आणि तीच भरा. पाणरेषेच्या वर मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पावडर) चालतील, घासायला मऊ जातात. भरलेल्या जागी घासून झाल्यावर नुसत्या इपॉक्सीचा एक हात द्या, कारण घासल्यावर पावडरीची छिद्रं उघडी पडतात.

13. रंग लावताच ठिकठिकाणी गोल खड्डे पडतात, जणू तिथून रंग पळून जातो. का?

तिथे तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे. गाडीचं पॉलिश, गंज सोडवायचा स्प्रे, माशांचं तेल, कपाळावरचा घाम, काहीही. ओला रंग पुसून काढा. दोन फडकी घ्या: एकाने थिनर लावायचा, तो उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचा. हे काम घासण्याच्या आधी करा. नंतर केलं तर तेल ओरखड्यांत मुरतं. शेडमध्ये सिलिकॉनचे स्प्रे वापरूच नका.

14. इपॉक्सीवर जेलकोट मारता येईल का? फायबरवाला म्हणतो येईल.

सहसा नको. जेलकोट, म्हणजे फायबरच्या होडीचा बाहेरचा रंगीत थर, पॉलिएस्टरचा असतो. इपॉक्सीतलं उरलेलं अमाइन त्याला पक्कं होऊ देत नाही, आणि झालाच तरी त्याची पकड कच्ची राहते. उलटा क्रम चालतो: पॉलिएस्टरच्या होडीवर, घासून, इपॉक्सी उत्तम धरतं. तुमची होडी जेलकोटची आहे आणि दुरुस्ती इपॉक्सीने केली आहे, असं असेल तर त्या जागेवर जेलकोटशी मिळतीजुळती छटा पीयूमध्ये बनवून घ्या. रंगाच्या दुकानात छटा जुळवून देतात.

15. गडद निळा किंवा काळा रंग हवा आहे. काही अडचण?

आहे. साध्या तापमानाला पक्कं होणारं इपॉक्सी साधारण 50 ते 60 अंशांना मऊ पडू लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात काळी होडी याच्या वर सहज जाते. मग खालच्या कापडाची वीण रंगावर उमटते, तिला आधारावर ठेवलं असेल तिथे चपटेपणा येतो, आणि आतली ओल वाफ होऊन फोड येतात. वरच्या अंगाला पांढरा, फिकट राखाडी, फिकट पिवळा असे रंग घ्या. गडद हवाच असेल तर पट्टा काढा. पाणरेषेखाली गडद चालतो, होडी पाण्यात असेपर्यंत.

आणि मासेमारीसाठी नोंदलेली होडी असेल तर रंग घेण्याआधी प्रश्न 21 वाचा.

16. तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून वेगळा रंग लागतो का?

होडी रोज किनाऱ्यावर ओढली जात असेल तर लागत नाही, आणि लावला तर वाळूने निघूनही जातो. खाडीत नांगरावर महिनोन्‌महिने उभी असेल तर अँटिफाउलिंग लागतो. त्यात बहुधा तांब्याचा ऑक्साइड असतो. तो थोडाथोडा पाण्यात सुटत राहतो आणि जीव चिकटू देत नाही.

तो नुसत्या कडक इपॉक्सीवर नीट धरत नाही. इपॉक्सी प्रायमरचा शेवटचा हात अंगठ्याचा ठसा उमटेल अशा अवस्थेत असतानाच पहिला अँटिफाउलिंग मारा, नाहीतर मधे उत्पादकाने सांगितलेला टाय-कोट, म्हणजे दोन थर जोडणारा मधला हात द्या. पीयूवर तो मारू नका. अॅल्युमिनियमच्या भागांना तांब्याचा रंग लागला तर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. इंजिनाचा पाय त्यात आला.

जुना अँटिफाउलिंग कोरडा घासू नका, पाणी लावून घासा. ती धूळ विषारी आहे. ट्रायब्युटिल टिनचे जुने रंग शिंपल्या-कालवांना इतके घातक ठरले की 2008 पासून आंतरराष्ट्रीय कराराने ते बंद आहेत. फार जुना उरलेला डबा कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्याच खाडीतली कालवं आपण खातो.

17. लाकडाचे रेषे दिसायला हवेत. रंगाऐवजी वार्निश चालेल?

चालेल, पण अतिनील-रोधक असलेलं सागरी वार्निशच घ्या. फर्निचरचं मेलामाइन किंवा पॉलिश नको. पाच-सहा पातळ हात, आणि दरवर्षी चकाकी जायच्या आत हलकं घासून एक-दोन हात. एक वर्ष चुकवलं की ऊन इपॉक्सीपर्यंत पोचतं आणि सगळं काढून नव्याने करावं लागतं. माझा सल्ला: वरच्या कडा, वल्ही आणि बैठका वार्निशच्या, बाकी सगळं रंगाचं. वार्निशही ऑइल पेंटच्याच जातीचं असेल तर प्रश्न 8 लागू.

18. इपॉक्सीवर आधीचा रंग आहे. तो सगळा काढायलाच हवा का?

घट्ट असेल तर नाही. ब्लेडने बारीक जाळीसारखे छेद द्या, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन सुटून आले तर तो रंग काढाच. टिकले तर जोरदार थिनरचं फडकं काही मिनिटं एका जागी ठेवा. रंग मऊ पडला तर तो सिंगल-पॅक आहे. त्याच्यावर टू-पॅक मारू नका, वरचा थिनर खालचा रंग उचलतो आणि सगळं सुरकुततं. सिंगल-पॅकवर सिंगल-पॅक, किंवा मग इपॉक्सीपर्यंत साफ.

हीट गन जपून. रंग सैल होतो त्याच तापमानाला खालचं इपॉक्सीही मऊ होतं.

19. आजोबांच्या काळची फळ्यांची होडी आहे. इपॉक्सी आणि वर रंग मारून ती टिकेल का?

अशी पत्रं वाचताना वाईट वाटतं, कारण हेतू चांगला असतो आणि परिणाम बहुतेक वेळा उलटा होतो. फळ्या पाण्यात फुगतात, उन्हात आकसतात. सांधे पाणी धरून घट्ट बसावेत अशीच ती होडी बांधलेली आहे. बाहेरून इपॉक्सीचं कडक कवच चढवलं की फळ्यांच्या हालचालीने ते सांध्यांवर तडकतं. तिथून शिरलेलं पाणी आणि आत साचणारं गोडं पावसाचं पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही, आणि लाकूड कवचाच्या आत कुजतं. वरून रंग छान दिसत असताना पठाणाजवळ, म्हणजे तळाच्या कण्याजवळ, सुरी मुठीपर्यंत जाते.

प्लायवूड किंवा पट्ट्या चिकटवून केलेली होडी हलत नाही, म्हणून तिथे इपॉक्सी चालतं. फळ्यांच्या होडीला मऊ राहणारे पारंपरिक लेप आणि ऑइल पेंटच बरे, आणि अनुभवी सुताराची नजर.

20. तोंडाला रुमाल बांधला की पुरे ना?

नाही. घासताना धुळीसाठी एन-95 चालतो, पण थिनरच्या वाफेला तो अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क लागतो. टू-पॅक पीयू घरी स्प्रे करू नका. आयसोसायनेटचा फवारा फुप्फुसात गेला तर कायमचा दमा होऊ शकतो, आणि तिथे बाहेरून हवा पुरवणारा मास्कच चालतो. रोलर आणि ब्रशने, मोकळ्या हवेत, हेच काम नीट होतं.

इपॉक्सीची अॅलर्जी हळूहळू जमत जाते. सुरुवातीला काही होत नाही, आणि एक दिवस मनगटावर पुरळ उठतं ते पुढे प्रत्येक वेळी उठतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. कातडीवर लागलेलं इपॉक्सी थिनरने पुसू नका, थिनर ते आत नेतो. साबण आणि पाणी वापरा.

21. नोंदणी क्रमांक कशाने लिहायचा? दरवर्षी पुसट होतो.

मासेमारी होडीचा क्रमांक ठळक आणि वाचता येईल असा असणं बंधनकारक आहे. होडीच्या अंगाच्या रंगाचेही नियम आहेत, म्हणून रंग बदलण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्या. नंतर सगळं पुन्हा रंगवण्यापेक्षा ते सोपं. स्टेन्सिलने, खालचा रंग पूर्ण पक्का झाल्यावर, अक्षरांपुरतं 400 च्या पेपरने हलकं घासून, खालच्याच जातीच्या रंगाने लिहा. पीयूवर ऑइल पेंटने लिहिलेले आकडे आधी जातात. मास्किंग टेप रंग थोडा ओला असतानाच, तिरका ओढून काढा, म्हणजे कडा फाटत नाहीत.